नोटीस तीन महिन्यांची, प्रतीक्षा तीन वर्षांची

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला 66 वा नियम मोठा दिलदार आहे. 20 वर्षांची अर्हताकारी सेवा भरली की तीन महिन्यांची नोटीस द्या आणि मोकळे व्हा. या नियमाचे जाणकार बीडच्या प्रत्येक कार्यालयात भेटतात. उपदान किती, अंशराशीकरणाचे किती, जीपीएफमध्ये किती, सगळं तोंडपाठ. जालना रोडकडचा प्लॉटही मनात ठरलेला. हिशेबात धरायचं राहतं ते फक्त स्वतःचं शरीर. कारण सेवेत असेपर्यंत ते जवळपास सरकारी मालमत्ताच असतं. 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार प्रतिपूर्तीचं बिल लावायचं, सह्या-शिक्के गोळा करायचे आणि पैसे येईपर्यंत बरं होऊन जायचं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून शासनाच्या लेखी साहेब ठणठणीत.

‘निवृत्तांसाठी गट विमा आहे की,’ असं कोणी म्हणेल. आहे. 1 जुलै 2014 पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी शासनाने तो आणला; हप्ता मात्र निवृत्ताने भरायचा आणि तोही दरवर्षी. पेन्शन आयुष्यभर न मागता येते, विमा दरवर्षी आठवणीने मागावा लागतो. पहिल्या सवयीचा माणूस दुसऱ्यात चुकतोच. मग धाव खासगी पॉलिसीकडे. तिथे आधीपासूनच्या आजारासाठी 2024 च्या नियमांनुसारही तीन वर्षांपर्यंत थांबवता येतं. म्हणजे सरकार तीन महिन्यांत सोडतं आणि बीपी-शुगरला विमा कंपनी तीन वर्षं ओळख देत नाही. शहाणपण एकच: स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात आला की आधी पॉलिसी काढावी आणि प्रतीक्षेची वर्षं पगार घेत, सरकारी पंख्याखाली काढावीत. कामाचंही तिथे तसंच चाललेलं असतं.

याहून जड आक्षेप बीडचाच आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात जातात, तिथे पेन्शनवाल्याच्या विम्याचं कसलं कौतुक? खरं आहे. पण 28 जुलै 2023 च्या निर्णयाने महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही खुली झाली, संरक्षण 5 लाखांचं. साहेब आणि ऊसतोड मजूर एकाच रांगेत आले. तरी योजना ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांना लागू. दर महिन्याच्या गोळ्यांची पिशवी तिच्यात बसत नाही. उत्पन्न न विचारणारं आयुष्मान कार्ड तर सत्तरीला मिळतं. पंचेचाळिशीत घरी बसलेल्याने 25 वर्षं तब्येतीला दम धरायला सांगायचं का?

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर उंची असते, ओळखीची खूण असते, गालावरच्या तिळाचीही नोंद असते. साखरेचा रकाना नाही. तो घालायला समिती लागेल, अहवाल लागेल. त्यापेक्षा आस्थापना लिपिकाने नोटिशीसोबत पॉलिसीची छायांकित प्रत मागावी आणि नसेल तर त्रुटी काढून अर्ज परत करावा. त्रुटी काढायला आपल्याकडे वेगळं प्रशिक्षण द्यावं लागणार नाही.