कागद मागणाऱ्या वेड्यांची थोरवी

नोकरी-धंद्यात शहाण्या माणसांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. मालकाशी वाकडं घ्यायचं नाही, शब्दावर विश्वास ठेवायचा, जास्तीचे तास मोजायचे नाहीत आणि हिशेब विचारून कुणाला अवघडल्यासारखं करायचं नाही, हे शहाणपण बापाकडून मुलाकडे आणि जुन्या कामगाराकडून नव्याकडे चालत आलेलं आहे. त्याचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. मला कौतुक करायचंय ते या गर्दीत अधूनमधून सापडणाऱ्या वेड्यांचं, आणि तेही अगदी मनापासून.

पहिला मान नेमणूकपत्र मागणाऱ्याचा. कामाच्या पहिल्या दिवशी बाकीचे चहा कुठे मिळतो ते विचारतात आणि हा विचारतो, ‘साहेब, अपॉइंटमेंट लेटर कधी मिळेल?’ साहेब म्हणतात, ‘अरे, आपल्याकडे सगळं घरच्यासारखं असतं.’ हा म्हणतो, ‘हो साहेब, पण लेटर?’ पोरगं आगाऊ आहे, असा निकाल त्याच दिवशी लागतो. पण कामावरून काढल्यावर कामगार न्यायालयात पोचलेल्याला विचारा. तिथे पुष्कळदा पहिला वाद पगाराचा नसतोच. हा माणूस आमच्याकडे कामाला होता हेच मुळात मालकाला मान्य नसतं. दहा वर्षं घाम गाळलेल्या माणसाला आपण तिथे होतो हे सिद्ध करावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. म्हणजे त्या आगाऊ पोराचं म्हणणं आता कायद्याचंही म्हणणं आहे.

दुसरा मान वहीवाल्याचा. कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा हा माणूस दोनशे पानी वहीत रोज तीन गोष्टी लिहितो : तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. खाडा झाला तर तोही लिहितो. सणाच्या दिवसांत रात्री शटर ओढल्यावर बाकीचे बसकडे पळतात आणि हा कठड्याला वही टेकवून आकडा टिपतो. मित्र हसतात. आपण हिशेब करून बघू. त्याचा तासाचा दर ७५ रुपये धरा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर आहे. आठवड्याला दहा तास जास्त झाले तर चार आठवड्यांचे चाळीस तास, १५० रुपयांप्रमाणे ६,००० रुपये. शहाणा माणूस हे सहा हजार दर महिन्याला मालकाला सोडून देतो आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स मिळाला की ‘शेठ मनाचे मोठे’ म्हणतो. वहीवाल्याला शेठच्या मनाचं माप घ्यायचंच नाही. त्याला त्याच्या तासांचे पैसे हवेत. हाच कायदा आठवड्याला एक सुट्टी देतो, वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्याही देतो. या सगळ्यावर हक्क सांगायचा तर तारखा लागतात, आणि तारखा वहीत असतात.

तिसरी वेडी ती बाई, जी नोटीस बोर्डासमोर उभी राहून विचारते, ‘तक्रार समितीत बाहेरच्या सदस्य कोण आहेत?’ दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा, असं २०१३ चा कायदा सांगतो. तिच्यावर काहीही गुदरलेलं नाही. म्हणूनच तिच्या विचारण्याला मी जास्त मानतो. गरज पडेल त्या दिवशी समिती शोधायला कुणाच्या अंगात बळ नसतं.

आता वेड्या मालकाकडे वळू. असा मालक दुर्मीळ असल्यामुळे त्याचा मान दुप्पट. हा गडी हजेरीपट रोजच्या रोज भरतो, पगार सात तारखेच्या आत देतो आणि पगाराची स्लिप न मागता हातात ठेवतो. कुणी नोकरी सोडली किंवा काढावं लागलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करतो. कामगाराच्या पगारातून कापलेला बारा टक्के पीएफ आपल्या वाट्यासकट भरतो. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण तो भरतो ते पैसे आपले नाहीत एवढ्या साध्या कारणासाठी. बाजारातले लोक त्याला म्हणतात, ‘असा धंदा करशील तर बुडशील.’ हेच लोक माणसाला अकरा महिन्यांनी घरी बसवून पुन्हा नव्याने भरती करतात, म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नको. शेवटचा पगार २६,००० आणि नोकरी दहा वर्षं असेल, तर वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे दीड लाख रुपये होतात. वेडा मालक ही रक्कम वर्षागणिक बाजूला काढत जातो. पगार दिला नाही असा दावा झाला, तर दिल्याचं सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेने मालकावर टाकलेला आहे. त्या दिवशी वेड्याकडे रजिस्टर असतं आणि हुशार मालकाकडे फक्त तोंड.

‘पण त्याने कमी पगार स्वतः कबूल केला होता ना?’ हा हुशारांचा शेवटचा मुद्दा. किमान वेतनापुढे ती कबुली चालत नाही. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच आहे. पोटासाठी माणूस कशालाही हो म्हणतो, आणि अशा होकाराला न्यायालय मोकळा होकार मानत नाही.

या वेडाची परंपरा मोठी आहे आणि ती आपल्याच मातीतली आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा केलं. साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय? रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. त्या काळच्या शहाण्यांना हे केवढं खूळ वाटलं असेल! पण १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला. आज ज्याला आपण रीतसर नोकरी म्हणतो, तिचा एकेक तुकडा कुणाच्या तरी खुळातून आलेला आहे. शहाण्यांनी त्यात घातलेला एकही तुकडा मला सापडत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हे वेड सगळ्यांना लागावं. येत्या पगाराला स्लिप मागा आणि जपून ठेवा. पीएफच्या पासबुकात कापलेली रक्कम जमा झाली का ते महिन्याच्या महिन्याला बघा. थकलेल्या पैशांसाठी तीन वर्षांच्या आत दावा करा, कारण ‘आज ना उद्या देतील’ म्हणत बसलेल्याची मुदत निघून जाते. आधी मालकाला लेखी विचारा, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर तीच पोच घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चौघं मिळून जा, कारण लोखंडेही एकट्याच्या सहीवर गेले नव्हते. आणि मालक असाल, तर माणसाने मागायच्या आधी त्याच्या हातात कागद ठेवा. तुमच्या माणसाला हक्काचा कागद मागायला धीर एकवटावा लागत असेल, तर दुकानात घरच्यासारखं वातावरण आहे असं कुणाला सांगू नका.