14 सेंटिमीटरची माणुसकी

युरोपच्या बाजारात जायचं असेल तर केळं किमान 14 सेंटिमीटर लांब आणि 27 मिलिमीटर जाड असावं लागतं. हा नियम 1994 च्या सप्टेंबरात झाला आणि 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. लांबी कशी मोजायची तेही लिहून ठेवलंय: बाहेरच्या फुगीर अंगानं, फुलाच्या टोकापासून थेट देठाच्या बुडापर्यंत. जाडी आडवी, बरोबर मध्यावर. वाजवीपेक्षा जास्त बाक चालणार नाही. फणीतलं कुठलं केळं मोजायचं याचाही वाद नको, म्हणून बाहेरच्या रांगेतलं मधलं बोट नेमून दिलंय.

त्याच 1995 सालच्या मे महिन्यात त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट ठरवली. यापुढे परक्या देशांशी करार करताना त्यात मानवी हक्कांचं एक कलम घालायचं आणि ते कराराचं अत्यावश्यक अंग मानायचं. ठराव चांगला आहे, आपली काही हरकत नाही. फक्त एवढंच सांगा, की या कलमाची लांबी किती? किती माणसं कोठडीत गेली की करार आखूड पडतो? किती छापखान्यांना टाळं लागलं की जाडी 27 च्या खाली येते? मोजायला सुरुवात कुठून करायची, देठाकडून की टोकाकडून? कलमात यातलं काहीच नाही. केळ्याचं माप मिलिमीटरमध्ये आणि माणसाचं अंदाजपंचे.

नंदुरबारकडच्या ब्राह्मणपुरीच्या शिवारात ज्यांची केळी आहे त्यांना हे फोड करून सांगावं लागत नाही. आपला माल जातो आखाताकडे, पण मापाची हौस सगळ्याच खरेदीदारांना युरोपसारखी. एक्स्पोर्टवाल्याचा पोरगा आमच्या आबांच्या बागेत शिरतो, खिशातून कॅलिपर काढतो, घडाखाली उकिडवा बसतो आणि एकेका बोटाला असा चिमटा लावतो की डॉक्टर काय नाडी बघेल. मग मान हलते. "आबा, थोडं कमी पडतंय." आबा म्हणतात, "अरे भाऊ, चार दिस झाडावर राहू दे, भरेल." "चार दिवसांनी गाडी कुठली, आबा?" झालं, माल वापसीत. आणि खरी गंमत पुढे आहे. संध्याकाळी दुसरी गाडी येते, तीही त्याच साहेबांच्या पाहुण्याची, आणि सकाळी नापास झालेली तीच केळी पडत्या भावात भरून नेते. सकाळी आखूड असलेलं केळं संध्याकाळपर्यंत कसं काय वाढतं, हे कृषी सहाय्यकालाही अजून उलगडलेलं नाही. आमच्याकडे याला व्यापार म्हणतात. तिकडे सूट घालून, टाय लावून हेच केलं की त्याला टीकात्मक संवाद म्हणतात. सकाळी निवेदनात नापास, संध्याकाळी करारात पास.

आता हा संवाद कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे. पाहुणे उतरतात. पहिल्या दिवशी बंदर, रेल्वे, विमानं, वायू. दुसऱ्या दिवशी जेवण. जेवण आणि विमानतळ यांच्या मधल्या वेळात मानवी हक्कांचा मुद्दा 'उपस्थित' केला जातो. (हा मुद्दा नेहमी उपस्थितच असतो. त्याची हजेरी लागते, पण उत्तरपत्रिका कधी तपासली जात नाही.) यजमान गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतात, कारण ऐकायला पैसे पडत नाहीत. मग पाहुण्यांना एक तुरुंग दाखवतात, आणि इथे मात्र केळ्याचा नियम तंतोतंत पाळला जातो: बाहेरच्या रांगेतला मधला कैदी. दाढी केलेला, पोटभर जेवलेला, अंगावर नवा सदरा, बाक अजिबात नाही. आतल्या रांगेतली बोटं काळी पडलीत की सडलीत, ते बघायला घड फिरवावा लागतो, आणि तोवर विमान सुटतं. माझी साधी मागणी आहे की हा नमुना घेण्याची पद्धत निदान कागदावर तरी यावी. राजवटींच्या तीन प्रती कराव्यात, जशा केळ्याच्या आहेत: खास, पहिली, दुसरी. खास प्रतीत पत्रकाराला नुसती नोटीस जाते. पहिल्या प्रतीत किरकोळ डाग चालतील, म्हणजे एखादा संपादक आत, पण त्याला पुस्तकं पुरवलेली. दुसऱ्या प्रतीत आकारातला दोष चालेल, सालीवरचे ओरखडेही चालतील, अट एवढीच की गराला धक्का लागलेला नसावा. गर म्हणजे तेल, वायू आणि विमानांची ऑर्डर. असा तक्ता एकदा भिंतीवर लागला की निवेदन लिहिणाऱ्या बिचाऱ्या कारकुनांचं काम किती हलकं होईल! आज त्यांना दर वेळी चिंतेचं विशेषण शोधत बसावं लागतं.

वायूचं तेवढं मोजमाप चोख असतं. 2022 च्या जुलैत बाकूमध्ये युरोपचा अझरबैजानशी समझोता झाला, तिथला वायू 2027 पर्यंत दुप्पट करून वर्षाला 20 अब्ज घनमीटर घ्यायचा. आकडा बघा कसा खणखणीत आहे. एका हुकूमशाहीचा वायू नको म्हणून दुसरीकडे गेले, आणि दुसरीकडे गेल्यावर बाक किती आहे हे बघायला कॅलिपर घरीच राहिला.

पण माझा राग वायूवर नाही, सवलतीवर आहे. केळ्याच्या त्या नियमात एक सवलत आहे. मदैरा, अझोर्स, आल्गार्व्ह, क्रीट आणि लाकोनिया इथलं केळं 14 सेंटिमीटरहून आखूड असलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या प्रतीत घालायचं. म्हणजे घरचं केळं आखूड नसतं, ते दुसऱ्या प्रतीचं असतं. या पाचांतली पहिली तीन ठिकाणं पोर्तुगालची. पोर्तुगालला ही सवलत केळ्याच्या आधी माणसांच्या बाबतीत मिळाली होती, आणि तिची किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. 1949 च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला उत्तर अटलांटिक करारावर सह्या झाल्या. कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य, तिन्ही आहेत. खाली सह्या करणाऱ्यांत पोर्तुगाल आहे, जिथे तेव्हा विरोधी पक्षांवर बंदी होती, सेन्सॉर होता आणि गुप्त पोलीस होते. कुणी पट्टी काढली नाही. गोव्यात सभा घेतली म्हणून माणसं उचलून समुद्रापार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकली, आग्वादच्या कोठड्या भरल्या, तरी पट्टी निघाली नाही. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीच्या हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, तरीही पट्टी खिशातच. ती निघाली 18 डिसेंबर 1961 ला, आणि मोजलं कुणाला? आपल्याला! गोव्यात शिरलेलं भारतीय सैन्य मागे घ्या, असा ठराव न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत मांडला गेला. मांडणाऱ्या चार देशांत ब्रिटन होतं, ज्याच्या पोलिसांनी 9 सप्टेंबर 1942 ला आमच्या नंदुरबारात झेंडा घेतलेल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या होत्या. रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला आणि 19 तारखेला गोवा सुटला. सुमारे साडेचारशे वर्षं चाललेल्या राज्याबद्दल ज्यांना कधी चिंता वाटली नाही, त्यांना छत्तीस तासांच्या कारवाईची चिंता वाटली. केळ्याचा नियम पुढे नव्यानं लिहिला गेला, आकडे तेच ठेवून, आणि त्यावर तारीख पडली 19 डिसेंबर 2011. गोवा मुक्तीला त्या दिवशी बरोबर 50 वर्षं होत होती. योगायोग आहे, मला मान्य आहे. तरी डोकं फिरायचं ते फिरतंच.

म्हणजे मानवी हक्कांचं ते कलम कधी वापरलंच जात नाही का? जातं की. आजवर ते उगारलं गेलं ते बहुतेक आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या लहान, गरीब देशांवर. फिजीचं घ्या. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या फौजेनं निवडून आलेलं सरकार उलथवलं. युरोपनं रीतसर बोलणी लावली आणि साखर उद्योगाच्या सुधारणेसाठी द्यायच्या मदतीचा 2007 चा हप्ता शून्य केला. शून्य! इथे मात्र आकडा अगदी अचूक. आता फिजीत ऊस लावतं कोण? गिरमिटाच्या करारावर 1879 पासून बोटीत कोंबून नेलेल्या हिंदी मजुरांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येनं त्यात आहेत. त्यांनी ना रणगाडा पाहिला, ना संसदेला कुलूप लावलं. त्यांचा अपराध एवढाच की ते हाताशी होते. निवडणूक व्हायला पुढे 2014 उजाडलं. तोवर लोकशाहीचं व्याज कुणाच्या खात्यातून गेलं, ते आमच्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा. पहिल्या उचलीची वाट बघत बसणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं.

आबांना हे सगळं सांगितलं. त्यांची अर्धी जमीन केळीखाली आणि अर्धी उसाखाली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांना कळत होतं. म्हणाले, "म्हणजे बंड केलं फौजेनं अन् पैसे अडवले उसाचे?"

हो आबा.

"अन् त्या फौजेच्या बंदुकीची नळी नाही मोजली कुणी?"

मोजली असती तर अडचण झाली असती. लांबी भरपूर, जाडी सारखी, बाक तर मुळीच नाही. सरळ खास प्रतीत गेली असती.