पंचांचा मनोरा

पॅरिस नगरीस समुद्र नाही, ही विधात्याच्या हातून राहिलेली उणीव ऑलिंपिकच्या कारभाऱ्यांनी २०२४ साली सुमारे १५,७०० किलोमीटर दूर असलेल्या ताहिती बेटावरील तेआहुपोओ गावची लाट मुक्रर करून भरून काढली. या गावी लाटेवर स्वार होण्याच्या जागतिक स्पर्धा पूर्वीही होत आणि पंच लाकडी मनोऱ्यावर बसून निमूटपणे निवाडा देत; परंतु ऑलिंपिकच्या पंचांची इभ्रत लाकडास पेलण्याजोगी नव्हे, सबब प्रवाळावर पाया रोवून चौदा टनी ॲल्युमिनियमचा मनोरा, आत वातानुकूलित खोली आणि शौचालय यांसह, उभारण्याची तजवीज झाली. ज्यांची उपजीविका त्याच प्रवाळातील मासळीवर चालते अशा रयतेने २०२३च्या ऑक्टोबरात मोर्चा काढला, विरोधाच्या अर्जावर सह्या पडू लागल्या (त्या पुढे दोन लाखांवर गेल्या), तेव्हा मनोऱ्याचे वजन नऊ टनांवर आणण्याचे औदार्य दाखविण्यात आले. पुढे डिसेंबरात चाचणीस गेलेल्या तराफ्याने काही प्रवाळ मोडला, आणि प्रवाळास धोका असल्याचे अर्जदारांचे जे म्हणणे दप्तरात पुराव्याअभावी पडून होते ते सरकारी खर्चाने सप्रमाण सिद्ध झाले. काम थोडे थबकले, आणि मग मनोरा उभा राहिलाच. खेळाडूंच्या राहण्याची सोय नव्या बांधकामाऐवजी जहाजावर केली होती, हे मात्र शहाणपणाचे झाले, हे कबूल केले पाहिजे.

पुरुषांचे सुवर्णपदक ताहितीच्याच कौली वास्तने जिंकले आणि ते रीतसर फ्रान्सच्या खाती जमा झाले. मोडलेला प्रवाळ कोणाच्या खाती खर्ची घालावा, हा प्रश्न पंचांच्या अधिकारकक्षेत येत नव्हता.