एक सेंटही नाही

पिट्सबर्गचा पायरेट्सप्रेमी हा अमेरिकन बेसबॉलमधला सर्वांत हिशेबी प्रेक्षक आहे. इतर शहरांतले लोक सकाळी उठून आदल्या रात्रीच्या धावा विचारतात. हा खेळाडूंच्या पगारांची बेरीज विचारतो, आणि उत्तर त्याला आधीच पाठ असते. वय चाळिशीपुढचे, डोक्यावर ‘पी’ अक्षराची काळी-सोनेरी टोपी, खांद्याला मऊ पिशवी. पिशवीत घरून बांधून आणलेले सँडविच, स्ट्रिप डिस्ट्रिक्टच्या बाजारात घेतलेले शेंगदाणे आणि पाण्याची सीलबंद बाटली. पीएनसी पार्क या मैदानात बाहेरचे खाणे नेऊ देतात. संघाच्या बाकीच्या सगळ्या धोरणांवर त्याचा राग असला, तरी या एका नियमाचा तो कडवा समर्थक आहे. शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे याची चौकशी न करता तो पहिल्याच डावात पिशवी उघडून दाखवतो आणि सांगतो, “यातला एक सेंटही बॉबला मिळणार नाही.”

बॉब म्हणजे बॉब नटिंग. ऑग्डेन न्यूजपेपर्स या घराण्याच्या वृत्तपत्र कंपनीचे प्रमुख आणि जानेवारी २००७ पासून पायरेट्सचे मुख्य मालक. पायरेट्सप्रेमीची त्यांच्याशी भेट झालेली नसते, होण्याची शक्यताही नसते, पण उल्लेख कायम एकेरी. घरात दिवाणखान्यातला दिवा उगाच जळत राहिला तरी तो बायकोला विचारतो, की बिल बॉब भरणार आहे का. मग स्वतःच उत्तर देतो, की बॉबने दिवाच लावला नसता.

हा माणूस जन्मतः असा नसतो. त्याला इतिहासाने असा केला. संघाचे नाव ‘पायरेट्स’ पडले ते १८९०-९१ च्या हिवाळ्यात. लू बिअरबाउअर नावाचा खेळाडू पिट्सबर्गने आपल्याकडे ओढला, त्याच्या जुन्या संघाच्या बाजूने ‘ही चाचेगिरी आहे’ अशी ओरड झाली, आणि पिट्सबर्गकरांनी ती शिवीच बिरूद म्हणून मिरवली. पुढे १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९ अशा पाच वर्ल्ड सिरीज या संघाने जिंकल्या. आता चाचेगिरी चालते ती उलट्या दिशेने. खेळाडू घडतो पिट्सबर्गमध्ये आणि खजिना उघडतो न्यूयॉर्क, ह्यूस्टन किंवा लॉस एंजेलिसमध्ये.

जखमेची तारीख १४ ऑक्टोबर १९९२. अटलांटाविरुद्धच्या मालिकेचा सातवा सामना, शेवटचा डाव, पायरेट्स २-० ने पुढे. तिथून सामना ३-२ असा गेला. निर्णायक धाव काढणारा सिड ब्रीम गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे संथ धावणारा, आणि पूर्वी पिट्सबर्गकडूनच खेळलेला. त्याच हिवाळ्यात संघाचा सर्वोत्तम फलंदाज बॅरी बाँड्स सहा वर्षांच्या ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे पायरेट्सने हरलेले सामने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा जास्त राहिले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब घसरगुंडी दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. यातली पहिली चौदा वर्षे नटिंग मुख्य मालक नव्हते, हे पायरेट्सप्रेमीला माहीत आहे. आठवण करून दिलेली मात्र त्याला खपत नाही.

२०१० च्या ऑगस्टमध्ये संघाचे आर्थिक ताळेबंद फुटले आणि हिशेबाचे व्यसन कायमचे जडले. मैदानावर सडकून हरणाऱ्या संघाने २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून सुमारे २ कोटी ९४ लाख डॉलर नफा कमावला होता. सर्वसाधारण माणसाला आपल्या लग्नाची तारीख जितकी आठवते, त्याहून पक्का हा आकडा पायरेट्सप्रेमीला आठवतो. संघाच्या बाजूने खुलासा झाला, की पैसा नवोदित खेळाडूंच्या निवडीत आणि घडणीत पुन्हा गुंतवला जातो. खुलासाही त्याला पाठ आहे. सँडविच चावता चावता, आवाज बदलून, तो म्हणून दाखवतो.

त्याच्या प्रतिहल्ल्याचे शास्त्र तपशिलात पाहण्यासारखे आहे. मैदानाजवळ गाडी लावणे त्याला निषिद्ध. गाडी नदीपलीकडे, चार गल्ल्या लांब. तिथून रोबेर्तो क्लेमेंते पुलावरून पायी, किंवा गुडघे कुरकुरत असतील तर डाउनटाउन ते नॉर्थ साइड ही फुकट धावणारी ट्राम. तिकीट संघाच्या खिडकीवर घेणे म्हणजे फितुरी. ते पुनर्विक्रीत, सामना सुरू व्हायला थोडा वेळ उरला असताना, भाव पडला की घ्यायचे. (मूळ विक्रीचे पैसे बॉबला केव्हाच पोचलेले असतात, हा मुद्दा कोणी काढला तर तो आकाशाकडे पाहतो.) पिट्सबर्ग हे हाइन्झचे गाव, पण केचपची पुडीसुद्धा घरून येते. कागदी नॅपकिन तेवढे मैदानातले, आणि मूठभर, कारण तो बॉबचा खर्च. फटाक्यांच्या आतषबाजीची रात्र असेल तर तिकीटच नाही. आतषबाजी नदीपलीकडूनही दिसते. मान डोलावणारी बाहुली फुकट वाटण्याच्या दिवशी मात्र तो दारे उघडण्याच्या कितीतरी आधी रांगेत असतो. बाहुली घरी नेऊन फडताळात ठेवतो आणि तिची बाजारातली किंमत अधूनमधून तपासतो.

हे सारे करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. मालकाला कवडीचुंबक म्हणता म्हणता तो स्वतः शहरातला सर्वांत पक्का कवडीचुंबक होऊन बसला आहे. नटिंगनी निदान ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर देऊ केले, आणि पायरेट्सच्या इतिहासात दहा कोटींच्या पुढे जाणारा तो पहिला करार ठरला. पायरेट्सप्रेमीने त्या वर्षी काय खर्च केले, याचे उत्तर पिशवीत आहे.

शिवाय मेजर लीगची रचनाच अशी, की पिशवी कितीही भरली तरी बाण मालकापर्यंत पोचत नाही. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग सामायिक पेटीत जातो आणि तीसही संघांत सारखा वाटला जातो. देशव्यापी प्रक्षेपणाचे पैसे वेगळे, तेही सगळ्यांना. पिट्सबर्गसारख्या छोट्या बाजारपेठेच्या संघाला पेटीत टाकले त्यापेक्षा जास्त परत मिळते. हे पैसे संघ बळकट करण्यासाठी वापरावेत अशी अट आहे. ती पाळली जात नाही म्हणून खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध तक्रार नोंदवली, आणि त्या चारांत पायरेट्स होते. पगारावर कमाल मर्यादा नाही, किमान खर्चाची सक्तीही नाही. म्हणजे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी एका वर्षात ३० कोटी डॉलरच्या वर पगार वाटले तरी चालते, आणि कोणी त्याच्या छोट्याशा हिश्श्यात भागवले तरी कायदा मोडत नाही. जिंकल्याने थोडे जास्त मिळेल, पण हरल्याने बुडत नाही, अशा धंद्यात काटकसर हाच शहाणपणा ठरतो. नटिंग या नियमांचे लाभार्थी आहेत, जनक नव्हेत. पण नियमाच्या नावाने घोषणा देता येत नाहीत.

कार्नेगी मेलनमध्ये शिकायला आलेला पुण्या-मुंबईचा विद्यार्थी चुकून शेजारी बसला, तर त्याला हा सगळा पाठ एका सामन्यात मिळतो. मुलगा भाबडेपणाने सांगतो, की आयपीएलच्या लिलावात सगळ्या संघांची थैली सारखी असते, २०२५ साठी प्रत्येकी १२० कोटी रुपये. पायरेट्सप्रेमीचे सँडविच हातातच राहते. इतकी न्याय्य व्यवस्था पृथ्वीवर आहे हे त्याला नवीन असते. मग भारताशी नाते जोडायला तो रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची आठवण काढतो. एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशच्या या दोन भालाफेकपटूंना नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सनेच करारबद्ध केले होते. दोघांवर पुढे हॉलिवूडचा चित्रपट निघाला, रिंकू सिंग व्यावसायिक कुस्तीत गेला. पायरेट्सप्रेमीच्या मते या प्रकरणाचा अर्थ एकच. जगात चेंडू फेकणारा हात कुठे स्वस्त मिळेल, हे बॉबने नकाशा पसरून शोधले.

मधल्या सुखाच्या दिवसांबद्दल तो कमी बोलतो. २०१३ मध्ये वीस वर्षांचा शाप सुटला. बाद फेरीच्या सामन्यात सगळे मैदान सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोच्या नावाचा एका सुरात घोष करत होते. क्वेटोच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच फेकीवर रसेल मार्टिनने होम रन मारला. २०१५ मध्ये तर ९८ विजय. त्यानंतर संघ बाद फेरीत पुन्हा आला नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि लाडका अँड्र्यू मकचेन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि ‘संघ विका’ या अर्जावर हजारो सह्या झाल्या. संघ विकला गेला नाही. बॉब ऐकत नसावा, किंवा चांगला भाव येण्याची वाट पाहत असावा. दोन्ही तर्क पिशवीवाल्याचेच.

सध्याचे दुःख सहा फूट सहा इंच उंच आहे. २०२३ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला पिचर पॉल स्कीन्स २०२४ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.९७, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने त्याला. तरीही त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव, कारण तो फेकत असताना सहकारी धावा काढायचे विसरत होते. संघाने ७१ सामने जिंकले, ९१ हरले. पहिल्या काही वर्षांत खेळाडूला किमान पगाराच्या आसपासच मिळते, आणि २०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. हवा तो संघ निवडायची पूर्ण मोकळीक २०२९ च्या हंगामानंतर. त्या वर्षाचे कॅलेंडर अजून छापलेले नाही, पण पायरेट्सप्रेमीच्या डोक्यात ते लटकलेले आहे.

२०२५ च्या पहिल्या घरच्या सामन्याला मैदानावरून विमान गेले, मागे फलक: संघ विक, बॉब. त्याच वसंतात क्लेमेंतेच्या आठवणीचा, त्याच्या जर्सीवरचा ‘२१’ हा आकडा उजव्या भिंतीवरून काढून तिथे दारूची जाहिरात लावलेली दिसली. पोर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते पायरेट्सकडून खेळला, कारकिर्दीत बरोबर ३००० हिट. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. ओरड झाली, माफी आली, आकडा परत लागला. मग चाहत्यांनी पैसे देऊन, नावे कोरून मैदानाबाहेर बसवलेल्या विटा उखडून भंगारात गेल्याचे उघडकीस आले. त्या विटांत आईवडिलांची नावे होती. त्या आठवड्यात पायरेट्सप्रेमीने एकही आकडा सांगितला नाही.

मान्य करणे जड जाते, पण या माणसाशिवाय पायरेट्स हा संघ फक्त एक ताळेबंद उरेल. मैदान १९९७ च्या मतदानात नाकारलेल्या करानंतर दुसऱ्या वाटेने सार्वजनिक पैशातून उभे राहिले, म्हणून ते आपलेच, असे तो समजतो. भाडेकरू वाईट निघाला म्हणून कोणी आपले घर सोडत नाही. दर १३ ऑक्टोबरला तो पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात, फोर्ब्स फील्ड या संघाच्या जुन्या मैदानाच्या उरलेल्या भिंतीपाशी जातो. १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचे रेडिओ समालोचन तिथे पहिल्या चेंडूपासून लावतात, आणि दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी बिल मॅझरॉस्कीचा होम रन यँकीजवर पुन्हा पडतो. तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, पायरेट्स हमखास जिंकतात, आणि बॉबला खरोखरच एक सेंटही जात नाही.

मुलगी आठ वर्षांची झाली की ही शिस्त ढासळते. तिला स्कीन्सच्या ३० नंबरची जर्सी हवी असते, आणि ती संघाच्या दुकानातलीच. सामन्याच्या मध्यात पिरोगी, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, माणसाएवढ्या होऊन मैदानात शर्यत धावतात. ती पाहताना प्लास्टिकच्या हेल्मेटातले आइस्क्रीमही हवे असते. पायरेट्सप्रेमी निमूटपणे कार्ड पुढे करतो. त्या दिवसाची पावती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. सँडविच तसेच घरी परत जाते.

मग २०२५ च्या अखेरीस अघटित घडले. पायरेट्सने रायन ओ’हर्न या फलंदाजाशी दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. तक्रारीला जागा उरू नये अशी ती बातमी होती, आणि पायरेट्सप्रेमी काही काळ खरोखर अस्वस्थ झाला. मग त्याने जुना आकडा काढला. फुटलेल्या कागदांतला दोन वर्षांचा नफा २ कोटी ९४ लाख. वजाबाकी केली, ताळा घेतला. बॉबकडून अजून चार लाख येणे आहेत.