फुटबॉल खेळलात? मग रांगेत थांबा

जुलै संपत आला की कोलकात्यात एकच चर्चा सुरू होते: यंदाचा ‘मोहन बागान रत्न’ कोण? 29 जुलै हा क्लबचा सण. 1911 साली याच दिवशी मोहन बागानच्या अकरा जणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. गोऱ्या पलटणीच्या बुटांना अनवाणी पायांनी धूळ चारली, तो हा दिवस. अर्थातच आता तो बूट चकाचक पॉलिश केलेल्या पाहुण्यांच्या उपस्थितीत साजरा होतो.

क्लबचा हा सर्वोच्च सन्मान कोणत्या माजी खेळाडूला मिळावा, यावर तिथे भाऊ भावाशी बोलेनासा होतो. आम्ही या प्रश्नाचा तटस्थपणे अभ्यास केला आहे आणि आमचं मत असं की मुळात माजी फुटबॉलपटूंची नावं पुढे करणं हाच शिष्टाचाराचा भंग आहे. फुटबॉल खेळलेला असणं ही या सन्मानासाठी पात्रता नाही, अडचण आहे.

सुरुवातीला क्लबलाही हे उमगलं नव्हतं. 2001 मध्ये पहिलाच रत्न दिला तो शैलेन मन्ना यांना. या गृहस्थांचं कर्तृत्व काय, तर एकोणीस वर्षं एकाच क्लबच्या बचावफळीत उभं राहणं आणि 1951 च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारं नेतृत्व. बस्स. 2005 मध्ये चुनी गोस्वामी. जकार्तात 1962 चं आशियाई सुवर्ण त्यांच्याच नेतृत्वाखाली आलं, हे ठीक. पण त्यांच्या बाजूने खरा मुद्दा वेगळाच आहे. चुनीदा बंगालच्या रणजी संघाचेही कर्णधार होते आणि 1971-72 चा अंतिम सामना ते आपल्या मुंबईकडून हरले होते. क्रिकेटमध्ये मुंबईकडून हरलेला माणूस! निवड समितीचा जीव केवढा भांड्यात पडला असेल.

पुढे मात्र क्लब सुधारला. 2019 मध्ये केशव दत्त यांना सन्मानित केलं. दत्त हॉकीपटू होते, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी, त्यामुळे चेंडू निदान गोलातच जायचा. 2024 मध्ये तीही अट गेली आणि रत्न ठरले सौरव गांगुली. दादांबद्दल आम्हाला कमालीचा आदर आहे. लॉर्ड्सच्या बाल्कनीत शर्ट काढून गोल केल्यासारखा जल्लोष त्यांनी केला होता, तो फुटबॉलच्या खात्यात धरायला काय हरकत आहे? 2025 मध्ये सन्मान मिळाला क्लबचे माजी अध्यक्ष स्वपनसाधन ऊर्फ टुटू बोस यांना. त्यांनी क्लब सांभाळला हे खरं, आणि 1991 मध्ये चिमा ओकोरीला आणून परदेशी खेळाडू न घेण्याची जुनी रीत मोडली तीही त्यांच्याच जमान्यात. पण आम्हाला भावतो तो त्यातला व्यवहार. खेळाडू नव्वद मिनिटांनी मैदान सोडतो. पदाधिकारी सोडत नाही. मग निष्ठा कुणाची मोठी?

शेजारचा ईस्ट बंगाल तरी मागे कसा राहील? त्यांचा सन्मान ‘भारत गौरव’. 2019 मध्ये शंभरीच्या सोहळ्यात तो दिला कपिल देव यांना. कुणी फिदीफिदी हसू नये. कपिल 1992 मध्ये खरोखरच लाल-पिवळी जर्सी घालून, तेही मोहन बागानविरुद्ध, बदली खेळाडू म्हणून काही मिनिटं मैदानात उतरले होते. मन्नांना एकोणीस वर्षं लागली, कपिलपाजींचं काम काही मिनिटांत झालं. याला म्हणतात स्ट्राइक रेट.

विलायतेत तर हे शास्त्र फारच पुढे गेलेलं आहे. बर्मिंगहॅम सिटीने 2020 मध्ये ज्यूड बेलिंगहॅमचा 22 नंबर कायमचा निवृत्त केला. तेव्हा बेलिंगहॅम सतरा वर्षांचा होता, क्लबकडून 44 सामने खेळला होता आणि निवृत्त नव्हे, तर डॉर्टमुंडच्या विमानात बसत होता. बदल्यात क्लबला जी घसघशीत रक्कम मिळाली तिचा या कृतज्ञतेशी संबंध जोडणं हलकेपणाचं ठरेल. आमच्याकडे पोराने घर सोडलं की त्याची खोली भाड्याने देतात. तिथे पोराची किंमत चांगली आली की खोलीला कुलूप लावून वर पाटी लावतात.

फुलहॅमने तर कळस केला. मालक मोहम्मद अल-फायेद यांनी 2011 मध्ये मैदानाबाहेर चक्क मायकल जॅक्सनचा पुतळा उभारला. जॅक्सन एकदा तिथे सामना बघून गेला होता, एवढं पुण्य पुरलं. नाराज प्रेक्षकांना, पुतळा आवडत नसेल तर चेल्सीकडे चालते व्हा, असा सल्ला मालकांनी दिला. पुढे क्लब विकला गेला, 2013 मध्ये नव्या मालकाने पुतळा हटवला आणि त्याच मोसमात संघ खालच्या श्रेणीत घसरला. अल-फायेद म्हणाले, पुतळा काढल्याचं हे फळ! आम्हाला यात तथ्य वाटतं. बचावफळीत निदान एक जण तरी जागचा हलत नव्हता.

अर्जेंटिनाने बिचाऱ्याने सरळ गोष्ट करून पाहिली. मॅराडोनाचा 10 नंबर निवृत्त करायचा म्हणून 2002 च्या विश्वचषकासाठी 10 गाळून 24 पर्यंत यादी पाठवली. फिफाने ती परत केली. नंबर 1 ते 23, नियम म्हणजे नियम. फारच वाटत असेल तर 10 नंबर तिसऱ्या गोलरक्षकाला द्या, असं फिफाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी सुचवलं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटेल. शेवटी 10 नंबर घालून ऑर्तेगा खेळला.

आता आमचा स्वतःचा एक उमेदवार. नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, गाजला मुंबईच्या मैदानांवर. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 असं त्यांच्याच घरी हरवलं, त्यात तीन गोल याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच मारला. मग त्यांनी चार मारले. भारत चौथा आला आणि नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसला. 1980 मध्ये तो गेला. त्या संघाचा कर्णधार बद्रू बॅनर्जी मोहन बागानचा, म्हणून पुढे का होईना, रत्न झाला. आमच्या नेव्हिलला रत्न करायला आधी क्लब पाहिजे ना! तो खेळला टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून. त्यातली कॅल्टेक्स सरकारने ताब्यात घेतली आणि हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन केली.

म्हणजे नेव्हिलच्या सर्वोच्च सन्मानाचा अर्ज आता रीतसर पेट्रोल पंपावरच द्यावा लागेल. पंपावरचा पोरगा ‘झिरो बघा साहेब’ म्हणेल, तेव्हा त्याला मेलबर्नचा हिशेब सांगावा. फार वेळ मात्र लावू नये, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.