गाडीला पिकअप नाही

इंग्रजीतले मोठे शब्द मला घाबरून असतात, असा माझा अनेक वर्षांचा समज आहे. 'प्रोक्रॅस्टिनेशन' मी एका दमात म्हणतो. सोसायटीच्या नोटिसा मीच लिहितो आणि टाकी धुवायची असेल तर 'द वॉटर सप्लाय विल रिमेन टेम्पररिली सस्पेंडेड' असं लिहितो. नळ कोरडा असला तरी भाषा दुथडी भरून वाहिली पाहिजे, हे माझं धोरण.

मला हरवलं ते चिल्लर शब्दांनी. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ. एकेकटे भेटले तर ही सगळी गरीब माणसं. फार तर लिफ्टच्या बटणावर शोभतील. पण एखाद्या साध्यासुध्या क्रियापदाच्या शेजारी जाऊन उभी राहिली की त्याला पार बिघडवून टाकतात. 'गिव्ह' म्हणजे देणे. त्याला 'अप' चिकटलं की प्रयत्न सोडायचा, 'इन' चिकटलं की हार मानायची, 'आउट' चिकटलं की पत्रकं वाटायची किंवा गुडघ्यांनी दगा द्यायचा. आणि 'अवे' चिकटलं की एक तर गुपित फुटतं किंवा कन्यादान होतं. 'ऑफ'ची तर मी धास्तीच घेतली आहे. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे गेले, गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला, बॉम्ब झाला म्हणजे फुटला आणि दूध झालं म्हणजे नासलं. एकाच रात्री हे चारही प्रकार घडले, तर साहेब एका क्रियापदात तक्रार नोंदवून मोकळा होईल. हवालदाराने पंचनाम्यात काय लिहायचं?

फॉर्म 'फिल इन' करा नाही तर 'फिल आउट' करा, भरायचा तोच. घर 'बर्न अप' झालं काय आणि 'बर्न डाउन' झालं काय, राख सारखीच.

आमची नात दहा वर्षांची आहे. इंग्रजी शाळेत जाते. तिला मी एकदा भारदस्त आवाजात म्हटलं, "एक्स्टिंग्विश द लाइट."

"आजोबा, असं कोण बोलतं? टर्न इट ऑफ म्हणायचं."

"टर्न ऑफ इट का नाही?"

"इट मध्ये बसतं."

"मग 'लुक आफ्टर'मध्येही इट मध्येच बसवायचं ना?"

"तिथे नाही. तिथे शेवटी."

"का?"

"कारण ते कानाला कसंतरीच लागतं," असं म्हणून ती दिवा घालवून निघून गेली. पंगतीत 'इट'ला कुठे बसवायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि मला शिकवूनही ते यायचं नाही.

डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हीच जात बाजूला काढून दाखवली आहे आणि परदेशी माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच, असं कबूल केलं आहे. हे वाचून मला बरं वाटलं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझी बाजू मांडून ठेवली होती. दोष वंशावळीचा आहे म्हणे. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात घुसले, दरबारात फ्रेंच बसली, पुस्तकात लॅटिन होतीच. घरातली जुनी इंग्रजी आपली उठ-बस, दे-घे याच क्रियापदांवर संसार करत राहिली. आपल्याकडे आली ती दरबारातली. आम्ही तर्खडकरांची पाठमाला घोकली, 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' पाठ केलं. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' आणि 'लुक इंटू' साहेबाने आपल्या स्वयंपाकघरात झाकून ठेवलं.

निदान मला तसं वाटत होतं. मग एक दिवस स्कूटर घेऊन गॅरेजात गेलो. फिटरने एक किक मारली, ॲक्सिलरेटर पिळला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "काका, गाडीला पिकअप नाही."

आहा! 'पिक' म्हणजे उचलणे, 'अप' म्हणजे वर, आणि त्याला कुणाचीही परवानगी न विचारता या गृहस्थाने मराठीच्या दावणीला बांधलं होतं. गाडीला पिकअप नाही, पिकअप गेला, पिकअप मारत नाही. आमच्या वर्गात हा शब्द कधी आलाच नाही. तो गॅरेजातून आला. चेकअप दवाखान्यातून आला, मेकअप नाटकाच्या रंगपटातून आणि पॅकअप स्टुडिओतून. ब्रेकडाउन एसटीबरोबर घाटात आला. ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे म्हणे ६४५ अर्थ काढले. आमच्या गल्लीला त्यातला एकच पुरला, रनआउट, आणि त्यावर आम्ही डोकी फोडली. म्हणूनच परवा सूनबाई 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर साखर क्रीझच्या अलीकडे आडवी पडलेली दिसली. फॉलोऑन तर २००१ साली ईडन गार्डन्सवर लक्ष्मणने २८१ धावा करून देशाला शिकवला. तेवढ्यात शेतातली पोरंही शिकली. कुणी व्याकरण काढून बसलं नाही. 'झाला', 'केला', 'मारला', 'गेला' हे आपले चार हवालदार मागे उभे केले की साहेबाचं कुठलंही क्रियापद मराठीत मुकाट्याने चालतं.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. नोकरीत असताना एका मुलाखतीच्या मंडळात मी बसलो होतो. तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा. समोर ठेवलेला ताळेबंद त्याने वाचला आणि त्यातली खोच बोट ठेवून दाखवली. मग कुणीतरी विचारलं, कामाचा ताण झेपेल का? तो म्हणाला, "सर, आय विल टॉलरेट इट." शेजारच्या साहेबांनी ओठ मुडपले आणि कागदावर लिहिलं, 'कम्युनिकेशन वीक'. त्या मुलाने शब्द बरोबरच वापरला होता. शाळेने दिला तोच वापरला होता. बाहेर बाकावर त्याचे वडील पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, ते मी आत येताना पाहिलं होतं. साहेबांची गाडी त्या आठवड्यात बंद होती, कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "पिकअपचा प्रॉब्लेम झालाय." त्यावर मंडळातल्या कुणीही ओठ मुडपले नाहीत.

माझी नोटीसबाजी चालूच राहणार, 'सस्पेंडेड'सकट. या वयात 'शट ऑफ' लिहायला माझा हात धजायचा नाही. पण तुमच्यापैकी कुणी अशा मुलाखती घेत असाल, तर एवढं करा. पोरगं 'टॉलरेट' म्हणालं तर अर्थ कळला ना? मग पेन खाली ठेवा आणि पुढचा प्रश्न विचारा.