४० टक्के, पण कशाचे?

नवा अभ्यासक्रम अभ्यास मंडळापुढे येतो तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. ऑनलाइन किती आणि वर्गात किती? उत्तरही ठरलेलं: ४० आणि ६०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ च्या टिपणात हेच आकडे होते ना! होते. पण तिथे ४० हा आकडा ‘जास्तीत जास्त’ म्हणून होता. आपण त्याचं उद्दिष्ट करून टाकलं.

आणि ४० टक्के कशाचे? तासांचे? गुणांचे? की पुस्तकाच्या पानांचे?

हे बैठकीत कुणी विचारत नाही. विचारलं तर बैठक लांबते. मग चहा होतो, ठराव होतो आणि चारपैकी शेवटचं दीड युनिट ऑनलाइन जातं. शेवटचंच का? कारण एरवीही तेच शिकवायचं राहून जायचं.

पुढे काय होतं ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिरक्या स्कॅन केलेल्या नोट्सची पीडीएफ येते, पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा दिसतो. पाठोपाठ तासाभराचं रेकॉर्डिंग येतं आणि त्याची पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का सगळ्यांना’ यातच संपलेली असतात. २०२० साली हे चालून गेलं. चालायलाच हवं होतं. टाळेबंदी होती, आणि कितीतरी शिक्षकांनी पदरचे पैसे घालून माइक आणले, घरातल्या भिंतीला फळा टेकवला आणि मुलांना धरून ठेवलं. त्यांचे उपकार आहेत. पण तेव्हाची निकड हा आजचा आराखडा कसा होईल?

मिश्र पद्धतीने मुलं खरंच जास्त शिकतात का? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जुन्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, सुधारित अहवाल २०१० मध्ये आला. निव्वळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा मिश्र पद्धतीने शिकणारे सरासरीने थोडे पुढे निघाले. चर्चासत्रांमध्ये स्लाइडवर येतं ते एवढंच. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे: मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांना बहुतेकदा वेळही जास्त मिळाला होता आणि साहित्यही. त्यामुळे सगळं श्रेय माध्यमाला देऊ नका, असं अहवालकर्तेच बजावतात.

ते मात्र स्लाइडवर येत नाही.

म्हणजे मुद्दा वेळेचा आहे. तर वेळच मोजू या. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास धरले आहेत. वर्ग, वाचन, सराव, सगळं त्यातच. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला आठ तास, त्यातले चार वर्गात. उरलेल्या चारांत वाचनालय, टिपणं, गणितं आणि परीक्षेचा अभ्यास. अशी २२ क्रेडिट घेणाऱ्या मुलीचा आठवडा ४४ तासांचा होतो. तो कागदावर आधीच भरलेला आहे.

आता सहा विषयांच्या सहा शिक्षकांनी, वर्गातलं काहीही कमी न करता, आठवड्याला दोन-दोन तासांचे व्हिडिओ लावून दिले. झाले ५६. ही मुलगी आजऱ्याहून गडहिंग्लजला किंवा घनसावंगीहून जालन्याला एसटीने येते. घरी गेल्यावर भाकरी थापते. फोन धाकट्या भावाबरोबर वाटून घ्यावा लागतो आणि दिवसाचा दीड जीबी डेटा रात्री नऊला संपलेला असतो. तिने हे १२ तास कुठून आणायचे?

अभ्यासक्रम आखणाऱ्यांमध्ये या चुकीला ‘दीड कोर्स’ असंच म्हणतात. जुना अख्खा तसाच ठेवायचा आणि वर अर्धा नवा चढवायचा. आपल्याकडे ही चूक ठराव करून केली जाते.

म्हणून नियोजन सुरू होतं ते काय काढायचं इथून. काय घालायचं ते मागाहून. ऑनलाइन एक तास घातला तर वर्गातला कुठला तास गेला, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर तो व्हिडिओ काढूच नका.

मग वर्गात उरतं काय? खरा प्रश्न हा आहे, आणि तो इंटरनेटच्याही आधीचा आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांच्या १९९० च्या सुमारास लक्षात आलं की आपली मुलं सूत्रं घालून गणितं सोडवतात, पण साध्या शब्दांत विचारलेल्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळतात. त्यांनी वाचन घरी नेलं. वर्गात एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. २००७ मध्ये कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्कच्या शाळेतले जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक निघाले गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला. रेकॉर्ड झालेला धडा सगळ्यांनीच घरी पाहिला तर वर्गातला वेळ गणितांना आणि प्रयोगांना मोकळा होतो, हे त्यांना तिथे सापडलं. दोन्हीकडे वर्गाला काम मिळालं. व्हिडिओ आणि पुस्तक आले ते त्या कामासाठी.

आपल्याकडे आधी स्टुडिओ बांधतात.

एक आठवडा जवळून पाहू या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं अर्थशास्त्र, धडा मागणीच्या लवचिकतेचा. महाविद्यालय समजा नाशिक जिल्ह्यातलं. रविवारी फोनवर सात मिनिटांचा व्हिडिओ: लवचिकता म्हणजे काय, सूत्र काय, एक सोडवलेलं उदाहरण. सोबत एकच प्रश्न. ‘यंदा कांद्याचं पीक १० टक्क्यांनी वाढलं. शेतकऱ्यांचं एकूण उत्पन्न वाढेल, घटेल की तेवढंच राहील? कारण एका ओळीत लिहा.’

८० जणांच्या वर्गात बरेच जण ‘वाढेल’ म्हणणार. माल जास्त, पैसा जास्त, सरळ हिशेब! निफाडकडची चार-पाच मुलं ‘घटेल’ लिहिणार, कारण घरात बापाने ट्रॉली लासलगावला नेऊन काय आणलं ते त्यांनी पाहिलंय. पण कारणाची ओळ त्यांनाही धड लिहिता येणार नाही. शिक्षकाने सोमवारी रात्री ही ८० उत्तरं नजरेखालून घालायची. अर्धा तास पुरतो. मंगळवारच्या तासाचा आराखडा त्या चुकांमधूनच तयार होतो.

मंगळवारी वर्गात सूत्र पुन्हा शिकवायचं नाही. ‘वाढेल’वाला आणि ‘घटेल’वाली यांना समोरासमोर बसवायचं. मग फळ्यावर आकडे मांडायचे. हजार क्विंटल, भाव ३००० रुपये, उत्पन्न ३० लाख. लवचिकता ०.२ धरली. आता ११०० क्विंटल खपवायचे तर भाव निम्म्यावर यावा लागतो. ११०० गुणिले १५०० म्हणजे साडेसोळा लाख. पीक वाढलं आणि उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं. घरातल्या उन्हाळ्याचं उत्तर त्या मुलीला सूत्रात सापडतं. हे त्या सात मिनिटांत झालं नसतं आणि तासभर सूत्र घोकूनही नाही. गुरुवारी पुढची पायरी: निर्यातबंदी आली तर याच फळ्यावर काय बदलेल? साखरेचं काय? मोबाइलचं काय?

यात तंत्रज्ञान किती लागलं? एक फोन, एक फॉर्म. आणि शिक्षकाची सोमवारची रात्र.

व्हिडिओ सात मिनिटांचाच का, असं विचारणारे आहेत. एडएक्स या मंचावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकत होते. तिथे हौसेने नाव नोंदवलेली माणसं होती. सक्तीने बसवलेली आपली मुलं तासाभराचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघतील, हा हिशेब कुणी केला? आणि ज्या गावात रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते तिथे व्हिडिओचा हट्ट तरी कशाला? चार पानं छापून द्या, वर त्याचीच दहा मिनिटांची ऑडिओ फाइल द्या. ती थोड्या डेटात उतरते आणि एसटीत ऐकता येते.

छापील साहित्याचं निघालंच आहे म्हणून. नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. समोर शिक्षक नसताना वाचणाऱ्याचा हात धरून नेणारं पुस्तक कसं लिहायचं, अभ्यासकेंद्रावर आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला काय द्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. मिश्र अभ्यासक्रमाची कार्यशाळा घ्यायची झाली की आपण बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बोलावतो. नाशिकच्या लेखकांना किती अभ्यास मंडळांनी बोलावलं?

आता गुण. ऑनलाइन चाचणीला २० गुण ठेवले की उत्तरं ग्रुपवर फिरणार. मुलं बिघडली म्हणून नव्हे. २० गुणांवर श्रेणी अवलंबून असेल तर कुणीही फिरवील. रविवारच्या त्या प्रश्नाला चुकण्याची मुभा हवी. उत्तर दिलं, कारण लिहिलं, एक गुण पदरात, मग उत्तर बरोबर असो की चूक. चुका लपल्या तर मंगळवारचा तास कशावर उभा करायचा?

एक तक्रार मात्र येणारच, तिची तयारी ठेवा. ‘सर हल्ली शिकवतच नाहीत.’ मुलं म्हणणार, पालक म्हणणार, कधी प्राचार्यही म्हणणार. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने दोन्ही तऱ्हांनी शिकवलं. स्वतः डोकं चालवायला लावणाऱ्या वर्गात ते जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्याच तासाला मुलांना हे सांगून टाकायचं. आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर शिक्षकाची प्रगती मोजणाऱ्यांनी तर ते दोनदा वाचायचं.

‘स्वयं’चं काय, असा प्रश्न इथे येतोच. २०१७ मध्ये सुरू झालेला हा सरकारी मंच चांगला आहे, एनपीटीईएलचे काही कोर्स तर उत्तम आहेत. पण तिथला ४० वेगळा आणि आपला वेगळा. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयं’वरून घेता येतात. मे २०२१ च्या टिपणातला ४० हा उरलेल्या प्रत्येक विषयाच्या पोटातला. दोन्ही कमाल मर्यादा गाठल्या तर वर्गात शिकवण्याजोगं साधारण ३६ टक्के उरतं. हा गुणाकार कुणी केलाय? जिथे जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत तिथे तो करण्याचा मोह मोठा आहे. प्राध्यापक नाही, मग लावा ‘स्वयं’.

रिकाम्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला म्हणून जागा भरत नाही.

आणि शेवटी पैसा. राज्यातली अनेक महाविद्यालयं तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी शिक्षकांच्या जिवावर चालतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासांवर मिळतं. ६० तासांचा विषय मिश्र झाला आणि वर्गातले तास ३६ उरले, तर मानधन ३६ चं की ६० चं? सोमवारी रात्री वाचलेली ८० उत्तरं कुठल्या तासात बसतात? सात मिनिटांचा बरा व्हिडिओ करायला कित्येक तास जातात, ते कुणाच्या खात्यावर? मिश्र पद्धतीत शिक्षकाचं काम वाढतं, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नक्कीच. आणि हजेरीपत्रकावर ते कमी झालेलं दिसतं.

जूनमध्ये कार्यभाराचे तक्ते भरले जातील. ऑनलाइन तयारीचा आणि उत्तरं वाचण्याचा तास वर्गातल्या तासाइतकाच धरला जाईल, हे उच्च शिक्षण खात्याने त्याआधी लेखी द्यावं. ते हातात येत नाही तोवर प्राचार्यांनी एकाही सीएचबी शिक्षकाच्या माथी मिश्र अभ्यासक्रम मारू नये.